फोटोत सोडलेली जागा

आमच्या स्टुडिओत दोन फुलदाण्या होत्या, आणि त्या दोन होत्या याचा अण्णांना फार अभिमान होता. पितळेच्या, एकाच कारागिराकडून करून घेतलेल्या, दोन्हींत कागदाची सारखीच फुलं. फोटोला बसणाऱ्याच्या उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे खुर्ची. खुर्चीच्या मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना एकेक मोर. गिऱ्हाईक बसलं की अण्णा काळ्या कापडाखाली शिरत, पुन्हा बाहेर येत, त्याच्या टोपीचं टोक कमानीच्या बरोबर मध्यावर आणत आणि परत आत जात. एखाद्याची मिशी एका बाजूला जास्त उतरलेली असली तर ती ते स्वतः बोटानं सारखी करत. माणसाला गुदगुल्या व्हायच्या, तो हसायचा. अण्णा म्हणायचे, "हसू नगा पावणं, मिशी हाललीय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी लष्करात होते. तिथंच ते फोटो काढायला शिकले. साहेब लोक मधे, बाकीचे हुद्द्याप्रमाणे दोन्हीकडे सारखे, अशा रांगांचे फोटो काढून काढून त्यांच्या डोळ्यांना तीच सवय लागली होती. पेन्शन घेऊन साताऱ्याला आले, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला एका गल्लीत पुढं स्टुडिओ आणि मागं घर असा संसार मांडला, पण कवायत काही सुटली नाही. दारातल्या चपला जोडीनं आणि एका रेषेत. देव्हाऱ्यात दोन समया. ताटात चटणी डावीकडे आणि लोणचंही डावीकडेच आलं की ते अस्वस्थ व्हायचे, मग उजवीकडे भाकरीचा तुकडा ठेवून हिशेब मिटवायचे. आई वैतागायची. ती काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायची. काडीला कापूस गुंडाळून गालाला गुलाबी, लुगड्याला हिरवा. हजारो चेहरे तिनं इतक्या जवळून पाहिले होते की तिचं मत पक्कं झालं होतं. "देवानं तरी कुटं केलंय सारखं?" ती म्हणायची. "माजाच एक कान खाली हाय. बघा की." अण्णा बघायचे नाहीत. बघितलं असतं तर त्यांना झोप लागली नसती.

त्या घराचा आवाज म्हणजे मागच्या मोरीतल्या नळाचा. फोटो धुवायला पाणी वाहतं ठेवावं लागे. त्या पाण्याचा आणि भाकरी थापण्याचा आवाज एकमेकांत मिसळलेला असायचा, आणि घेवड्याच्या आमटीच्या वासात हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबूस वास. बाहेरून येणारी माणसं नाक मुरडायची. मला मात्र आजही कुठं तो रसायनाचा वास आला की आधी भूक लागते.

आम्ही दोघी बहिणी. थोरली शालन, तिला मी अक्का म्हणायची, आणि मी मंदा. अक्का आईसारखी शांत, मी तोंडाळ. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा अंधाऱ्या खोलीतलं निम्मं काम माझ्याकडे आलं होतं. कॅमेरा मोठा, लाकडी, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा. त्याच्या मागच्या काचेवर समोरचं सगळं उलटं दिसायचं, डोकी खाली, पाय वर. अण्णा मला काचेत बघू द्यायचे, पण रबरी फुगा दाबून फोटो घ्यायचा अधिकार त्यांचा एकट्याचा. उलट्या चित्राची मला एक गंमत वाटायची. उलटा माणूस ओळखू येत नाही. तो मामलेदार आहे की माळी, हे कळत नाही. नुसता एक काळा किंवा पांढरा भार तेवढा दिसतो, इथं जास्त, तिथं कमी. कॅमेऱ्यामागे उभं राहण्याचं जे काही मला आलं ते तिथं, त्या कापडाखालच्या उबेत आलं.

आमच्याकडे फौजेतल्या घरांची गिऱ्हाइकी फार. आमच्या मुलखात घरटी एखादा तरी फौजेत. दिवाळीला सगळं कुटुंब एसटीनं साताऱ्याला यायचं, नव्या कपड्यांत, कंदी पेढ्यांचा पुडा हातात, आणि मुलगा सीमेवर. मग फोटोत त्याची जागा सोडायची. आईच्या आणि बायकोच्या मधे एका माणसाला पुरेल इतकी फट ठेवून सगळे उभे राहायचे. पोरं त्या फटीत कलायची, सासू नकळत सुनेकडे सरकायची. अण्णा कापडाखालून कवायतीतला हुकूम सोडायचे, "जैसे थे!" की सगळे दचकून पूर्वीच्या जागी. नंतर त्या मुलाचा पलटणीतला छोटा फोटो मोठा करून, कातरून, कडा ब्लेडनं पातळ करून आम्ही त्या जागेत चिकटवायचो आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचो. कातरकाम माझ्याकडे होतं. चिकटवलेला माणूस मला लगेच ओळखू यायचा. बाकीचे कसेही बघत असोत, तो नाकासमोर बघायचा, कारण ओळखपत्राच्या फोटोत दुसरीकडे बघायची मुभाच नसते. घरच्यांना ते चालायचं. पोरगा घरात आला, रांग भरली, एवढं त्यांना पुरे होतं.

अक्काचं लग्न अण्णांनी फौजीशीच लावून दिलं. सांगली जिल्ह्यात, वाळव्याच्या बाजूला, कृष्णेच्या काठी ऊस आणि हळद पिकवणारं घर. तीन भाऊ, त्यातले विलास मधले. आमचे दाजी. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ते सीमेवर होते, तेव्हा अक्का सासरच्या माणसांबरोबर आमच्या स्टुडिओत आली, जागा सोडून उभी राहिली, आणि दाजींना मीच चिकटवलं. माप जरा चुकलं. सुट्टीवर आल्यावर त्यांनी तो फोटो पाहिला आणि पोट धरून हसले. "मामा, माजं डोस्कं एवढं मोटं कवा झालं? बायकू केल्यावर?" अण्णा खजील झाले आणि म्हणाले, चला, आता दोघांचा खराखुरा काढू.

तो फोटो काही निघाला नाही. दोन फुलदाण्या, मधे दोन खुर्च्या, सगळं बरोबर मांडलं. पण अण्णांनी फुगा हातात घेतला की दाजींची मान अक्काकडे वळायची. अण्णा ओरडायचे, "जावईबापू, सामने देखो!" दाजी कडक "जी साब" म्हणायचे, समोर बघायचे, आणि ऐन वेळी पुन्हा मान वाकडी. अक्का लाजून लाल. आई दाराआडून तोंडाला पदर लावून हसत होती. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा; शेवटी तशी एक काच घेतली, तीही धुतल्यावर तशीच निघाली: अक्का समोर बघतेय आणि हा बाबा तिच्याकडे. अण्णांनी ती बिघडली म्हणून बाद केली आणि पुसून परत वापरायला ठेवली. पुढच्या सुट्टीत काढू म्हणाले. मी पुढं आयुष्यभर फोटो काढले, चार पैसे आणि थोडं नावही मिळवलं. त्यातलं काय वाटेल ते द्यावं आणि ती काच परत घ्यावी, असं मला या वयातही वाटतं.

लढाई झाली आणि दाजी गेले. तार आमच्याकडेही आली. मी त्या दिवसांबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच आठवतं की मोरीतला नळ कोणी तरी बंद केला होता आणि ते घर मला परक्याचं वाटलं. अण्णा दारातल्या चपला सारख्या लावत होते, पुन्हा पुन्हा, सगळ्या लावून झाल्या तरी. स्थळ त्यांनी पाहिलं होतं ना.

अक्का सासरीच राहिली. सासरचे लोक वाईट नव्हते, हे आधीच सांगते, नाही तर पुढचं वाचून कोणी भलतंच समजेल. सासऱ्यांना सगळे बापू म्हणत, सासूला आत्या. अक्काच्या वाट्याला कधी उणा शब्द आला नाही. पण घरात तिची अशी जागा नेमकी कुठली, हे कोणाला उमगत नव्हतं. ती सगळीकडे असायची, कुठंच बसलेली नसायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं, आणि हळदीच्या हंगामात बापूंचा निरोप आला की कॅमेरा घेऊन या, घरातल्या जोड्यांचा फोटो सोप्यात लावायचाय. आम्ही एसटीनं निघालो. तिकाटणं, कॅमेऱ्याची पेटी, आणि अण्णांनी, मी कितीही नको म्हटलं तरी, पिशवीत घातलेल्या त्या दोन फुलदाण्या. कराडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस लागला तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "शालन बारीक झाली आसंल," म्हणाले.

त्या घराच्या अंगणात शिजवलेल्या हळदीचा वास दाटून राहिला होता, मातीसारखा, थोडा कडू. वाळलेल्या हळदीचा ढीग एका कोपऱ्यात होता आणि थोरले दीर वजनकाट्यावर पोती लावत होते. खाली फळीवर पोतं, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं पितळी वजन. ते मुठीएवढं वजन ते बोटानं दांडीच्या पार टोकाकडे न्यायचे, आणि एवढं दांडगं पोतं तोलून दांडी आडवी व्हायची. मी पुरणपोळी खाऊन ओसरीवर बसले होते. कटाची आमटी जरा तिखट होती आणि मला पाणी हवं होतं. पाणी अक्कानंच आणून दिलं. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे ती आली ते कळलंच नाही.

ऊन उतरल्यावर अण्णांनी अंगणात मांडणी केली. मधे दोन खुर्च्यांवर बापू आणि आत्या. उजवीकडे थोरला मुलगा आणि त्याची बायको, डावीकडे धाकटा आणि नवी नवरी. दोन टोकांना दोन फुलदाण्या. अण्णा कापडाखाली गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर समाधान होतं. खरोखर, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. आणि अक्का सोप्याच्या खांबापाशी रिकामा तांब्या घेऊन उभी होती. तिला कोणी बाजूला हो म्हटलं नव्हतं. तिच्या सख्ख्या बापानं इतकी बरोबर मांडणी केली होती की तिला उभं राहायला जागाच उरली नव्हती, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"अण्णा, अक्का?" मी म्हटलं.

सगळे एकदम गडबडले. बापू खुर्चीतून अर्धवट उठले. थोरल्या जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "जोड्यांचा फोटो म्हनत हुते न्हवं..." त्यात दुष्टावा नव्हता, पण वाक्य तिथंच अडकलं. आत्यांनी डोळ्याला पदर लावला. "माजा इलास आसता तर..."

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो पडला, मग एकदम उजळला. "आवं, हाय की सोय!" ते म्हणाले. "शालनला मागं मधोमध उभी करतू. शेजारी जागा सोडू. जावईबापूंचा पलटणीतला फोटो हाय माज्याकडं, बसवतो त्यात. तिन्ही पोरांच्या जोड्या व्हतील. बराबर जमतंय." आपल्याजवळची सगळ्यात मोठी गोष्ट ते पोरीला देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. आत्या रडत रडत म्हणाल्या, "व्हय व्हय, तसंच करा."

"नगं अण्णा," अक्का म्हणाली. आवाज हळूच होता. "त्यास्नी माज्याशेजारी चिकटवू नगा. एकदा चिकटवलं, तेवढं बास."

"आगं पर मग तुला एकटीला कशी घिऊ? कुटं बी उभी केली तरी फोटो एका अंगाला कलतोय."

"मग नगाच घिऊ. मी पानी देते समद्यास्नी."

ती वळलीसुद्धा. आणि मला धडकी भरली. हा फोटो त्या सोप्यात पन्नास वर्षं लटकणार होता. उद्या या नवरीची पोरं त्याच्याकडे बोट दाखवून हा आजा, ही आजी, हा चुलता असं शिकणार होती, आणि त्यात माझी बहीण नसणार होती. घरात असून घरची नाही, असं तिचं कायमचं ठरून जाणार होतं, तेही कोणाच्या मनात नसताना.

मी विचारलं नाही. सरळ कापडाखाली शिरले. कॅमेरा जरासा फिरवला, खांब काचेत घेतला. "अक्का, तितंच थांब!" मी आतून ओरडले. काचेवर सगळी उलटी लटकली होती. एका बाजूला माणसांचा, पागोट्यांचा, लुगड्यांचा मोठा गठ्ठा, आणि दुसऱ्या टोकाला एक बारीक उभी रेघ, म्हणजे अक्का. गठ्ठा अजून मधोमध होता, म्हणून ती रेघ उपरी वाटत होती. मी बाहेर आले. "बापू, खुर्च्या जरा तिकडं घ्या. समदी एकमेकाला चिकटून बसा."

"ही पोर मला उठवतीया व्हय?" बापू म्हणाले, पण हसत उठले. सगळी मंडळी एका अंगाला दाटीनं बसली. मग मोकळं अंगण, त्यात मागं दिसणारा हळदीचा ढीग. आणि पार टोकाला, खांबापाशी, अक्का. तांब्या तिच्या हातातच राहू दिला.

अण्णा कापडाखाली गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर येऊन म्हणाले, "कललाय."

"कलला न्हाई अण्णा. त्यो काटा बघा की. पोतं केवढं आन् ते वजन केवढं? पर ते लांब हाय म्हणून तोलतंय न्हवं? अक्का एकटीच हाय, पर लांब हाय. तिला तिच्या जागी ऱ्हाऊ द्या."

वडिलांना असं चारचौघांत शिकवायचं म्हणजे आगाऊपणाच होता. त्यांनी काट्याकडे पाहिलं. थोरल्या दिरांनी लावून ठेवलेलं पोतं अजून फळीवर होतं आणि दांडी आडवी. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं. लग्नानंतर, किंवा दाजी गेल्यानंतर, त्यांनी तिच्याकडे असं सरळ बघितलेलं मला आठवत नाही. त्यांनी जाऊन दोन्ही फुलदाण्या उचलल्या आणि पिशवीत घातल्या.

तेवढ्यात नव्या नवरीला काय वाटलं कोण जाणे. चांगल्या मनाची होती बिचारी. "ताई एकट्याच दिसत्यात," म्हणून ती मधली जागा भरायला दोन पावलं सरकली.

"जैसे थे!" अण्णा गरजले.

नवरी दचकून मागं झाली. ढिगावरच्या चिमण्या उडाल्या. मधली जागा पुन्हा मोकळी झाली. अण्णांचा आवाज फाटला होता आणि ते सगळ्यांना कळलं. त्यांनी रबरी फुगा माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला जाऊन उभे राहिले. सगळे समोर बघत होते. एकटी अक्का बघत नव्हती. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती, मान किंचित वळवून. आता अण्णा ओरडणार, सामने देखो, म्हणून मी वाट पाहिली. ते ओरडले नाहीत. मी फुगा दाबला.

आईनं त्या फोटोला रंग भरले. आधी तो हातात धरून तिनं बराच वेळ पाहिला आणि "आता कसा मानसांचा वाटतुया," एवढंच म्हणाली. मधल्या जागेतल्या हळदीला तिनं पिवळा दिला, इतका दाट की आजही फोटोकडे बघितलं की आधी ती पिवळी जागा दिसते, मग तिथून नजर अक्काकडे जाते. पाहुणे विचारायचे, हितं कोन हुतं? आणि मग घरातलं कोणी ना कोणी दाजींचं नाव घ्यायचं, आणि ती त्यांची बायको, आमची शालन, असं सांगायचं. अक्का पुढं शिकली, गावातल्याच शाळेत मास्तरीण झाली. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. आता ती थकली आहे, पण त्याच सोप्यात, त्याच फोटोखाली तिची खुर्ची असते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. धाकट्या दिरांचा नातू पुण्याला शिकतो, तोही आला होता. पोरगा गुणी. त्यानं मोबाइलवर काहीतरी करून तो जुना फोटो साफ केला होता, आणि आजीला आनंद व्हावा म्हणून दाजींच्या पलटणीतल्या फोटोवरून त्यांना त्या मधल्या जागेत उभं केलं होतं. कातरकामाची कड कुठं दिसत नव्हती. डोक्याचं मापही बरोबर. मी इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण मलाही जोड सापडला नाही.

अक्कानं चष्मा लावून तो फोटो पाहिला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पोराच्या गालावरून हात फिरवला. "लय चांगला केलायस रं," म्हणाली. "पर काड त्यास्नी तितनं."

"का गं आजी?"

"आता बघ की. मी त्यांच्याकडं बघतीया आन् ते समूर भलतीकडंच." तिनं फोन त्याच्या हातात परत दिला आणि वर भिंतीकडे पाहिलं. "जागा मोकळी हुती तवा ते माज्याकडं बघत हुते."